वरच्या खोलीतला आवाज

खोलीवर परका माणूस ठेवल्याचा संशय माझ्यावर आला तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधत होते, जवळचा आणि लांबचा असे दोन चष्मे वापरत होते आणि माझी लेक लग्न होऊन लातूरला नांदत होती. अशा बाईवर असा संशय यावा याचं मला त्या वेळी रडू आलं होतं. आता थोडं बरंही वाटतं. पण ही गोष्ट आमच्या नांदूरघाटात माझ्याआधी पोचली आणि तिथे जो तो ती आपल्या परीनं सांगतो, म्हणून एकदा मीच नीट सांगून टाकते.

मी सरकारी कारकून. तेवीस वर्षं केजच्या ऑफिसात काढली, घरून एसटीनं जाऊन-येऊन. नवऱ्याचं गावातच बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. माणूस शांत. दुकानात गिऱ्हाईक दहा मिनिटं बोंडअळीचं गाऱ्हाणं सांगतं आणि हा शेवटी एक बाटली काढून पुढे ठेवतो, तेवढंच त्याचं बोलणं. घरी माझी सासू, जिला आम्ही सगळ्या सुना आत्याबाई म्हणतो. मुलगा पुण्यात नोकरीला. असं घर. वाईट नव्हतं. मी त्याला कधी वाईट म्हणणारही नाही. फक्त त्या घरात माझी म्हणून एक पाटाएवढी जागा कुठे आहे असं कुणी विचारलं असतं, तर मला ओट्याकडे बोट दाखवावं लागलं असतं.

बढती मला याआधी दोनदा आली होती. दोन्ही वेळा बीडला जावं लागणार होतं. पहिल्यांदा लेकीची दहावी होती, दुसऱ्यांदा आत्याबाई न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडून बसल्या होत्या. दोन्ही वेळा मी कागदावर लिहून दिलं की कौटुंबिक कारणामुळे मी ही बढती नाकारत आहे. तिसऱ्यांदा ऑर्डर आली तेव्हा साहेबांनी न सांगताच नकाराचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. त्या सरकवण्यात काही वाईट नव्हतं, त्यांना सवय झाली होती. पण मला तो कागद बघून एकदम आठवलं की या खेपेला घरात कुणाची दहावी नाही आणि आत्याबाई काठी न घेता शेजारी जाऊन भांडून येतात. मी त्या कागदावर लिहिलं, ‘मान्य आहे.’ खाली सही केली. कुणालाही न विचारता केलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली सही असावी.

घरी सांगायला दोन दिवस घेतले. जेवताना सांगितलं, कारण भरल्या ताटावरून आमच्याकडे कुणी उठत नाही. आत्याबाईंनी घास खाली ठेवला आणि विचारलं, “मंग सैपाक कोन करनार हाय?” नवऱ्यानं जेवण संपवलं, हात धुतला, हात पुसला आणि म्हणाला, “कधीपासून?” मी म्हटलं, एक तारखेपासून. तो बरं म्हणाला आणि दुकानाच्या चाव्या घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं नेकनूरहून आक्का आल्या. आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. सासरे गेल्यापासून आमच्या घरातल्या मोठ्या निर्णयांना आक्का लागतात; मधला मोठा दरवाजा कुठल्या रंगाचा असावा हेसुद्धा त्यांनीच ठरवलं होतं. त्यांनी चहा घेतला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की मी रोज बीडला जाऊन-येऊन नोकरी करावी. लोक रोज जातात, त्यात काय. नवरा काहीच बोलला नाही. मला वाटलं, त्याचंही तेच मत असणार.

मी तीन आठवडे जाऊन-येऊन केलं. पहाटे चारला उठायचं, सगळ्यांचं करून ठेवायचं आणि पहिली गाडी धरायची. गाडी गाव सोडायच्या आत मी झोपलेली असे. एकदा जाग आली तेव्हा माझं डोकं एका धनगर बाईच्या खांद्यावर होतं. तिच्या मांडीवर एक कोकरू होतं आणि तिनं एका हातानं कोकराला आणि दुसऱ्या हातानं माझ्या डोक्याला आधार दिला होता. मी ओशाळून माफी मागायला लागले तर ती म्हणाली, “झोप की बाई, अजून नेकनूर बी न्हाई आलं.” मी पुन्हा झोपले. इतकी गाढ झोप मला घरी लागली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात येतानाच्या गाडीत व्हायचं ते झालं. नांदूरघाट आलं आणि गेलं, मला पत्ताच नाही. गाडी शेवटच्या गावाला जाऊन उभी राहिली. कंडक्टर माझ्या सीटजवळ उभा राहून बराच वेळ खाकरत होता म्हणे. त्यानंच माझ्या फोनवरून नवऱ्याला कळवलं. दिवेलागणीला नवरा मोटारसायकलवर आला. आता हा काहीतरी बोलेल म्हणून मी आधीच तोंड फुगवून ठेवलं होतं. त्यानं मला मागे बसायची खूण केली. निम्म्या वाटेवर एका टपरीपाशी त्यानं गाडी थांबवली आणि दोन चहा सांगितले. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनीच असा बाहेर उभं राहून चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. लग्नात, मयतीत, दवाखान्यात प्यालो असू, पण तिथे माणसं असतात.

अर्धा चहा झाल्यावर तो म्हणाला, “बीडात खोली बघ.”

मी म्हटलं, “आक्का काय म्हणतील?”

“आक्का नेकनूरला ऱ्हाती. बीडात तुला ऱ्हायचंय.”

एवढं बोलून त्यानं ग्लास टपरीवाल्याला परत केला.

बीडात एकट्या बाईला खोली मिळणं किती अवघड आहे ते मला नंतरच्या पंधरा दिवसांत कळलं. घरमालक पहिल्यांदा विचारतात, मिस्टर कुठे असतात. मी सांगायचे, नांदूरघाटला. मग ते आत जाऊन बायकोशी बोलायचे आणि बाहेर येऊन सांगायचे की खोली कालच गेली. एकानं तर माझ्यासमोरच ‘खोली देणे आहे’ ही पाटी काढून मांडीखाली घेतली. शेवटी ऑफिसातल्या शिपायानं एका मेकॅनिकचं घर दाखवलं. खाली दुचाक्या दुरुस्त करायचं गॅरेज, मागे त्यांचं राहतं घर आणि बाहेरून जिना चढून गच्चीवर एक खोली. मेकॅनिकची बायको माझ्याच वयाची. तिला सगळा मोहल्ला आपा म्हणतो, मीही तेच म्हणायला लागले. आपांनी मिस्टरांचं काही विचारलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. पाणी दिवसाआड येतं, भरून ठेवावं लागेल. आणि गच्चीवर त्या मिरच्या वाळत घालतात, तेव्हा ठसक्याबद्दल तक्रार करायची नाही. मी दोन्ही कबूल केलं.

त्या खोलीला कुलूप होतं. आता कुलपात काय विशेष, पण आमच्या गावच्या घराला दिवसा कधी कुलूप लागत नाही, कारण घरात कुणीतरी असतंच. त्यामुळे स्वतःची चावी अशी मी कधी बाळगली नव्हती. पहिले आठ दिवस मी ऑफिसात तासातासाला पर्समध्ये हात घालून ती आहे ना ते बघायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, मी तंबाखू खाते.

पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकाला बसले आणि हात आपोआप चालत गेला. बघते तर पातेलंभर आमटी आणि नऊ भाकरी. खाणारी मी एक. ती आमटी मी तीन दिवस खाल्ली. चौथ्या दिवशी मी भाजी-भाकरीच्या वाटेलाच गेले नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला, लोणी लावून तव्यावर भाजला आणि पलंगावर मांडी घालून, भिंतीला टेकून, पुस्तक वाचत खाल्ला. रात्रीचं जेवण म्हणून पाव. घरी आजारी माणसालासुद्धा आम्ही हे दिलं नसतं. खाऊन झाल्यावर पावाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कचराडब्यात टाकला, आपांना दिसू नये म्हणून. मी एवढी कुणाला भीत होते कोण जाणे. आपांनी काही माझी पिशवी तपासली नसती. पण कुणी बघत नसताना आपल्याला काय आवडतं, हे शोधायची वेळच माझ्यावर उशिरा आली होती आणि ते काम मला चोरून करावंसं वाटत होतं. वांग्याची भाजी मला मुळीच आवडत नाही, हा शोध मला त्याच महिन्यात लागला. ती मी पंचवीस वर्षं आठवड्यातून तीनदा केली होती आणि माझ्या हातच्या वांग्याचं नाव भावकीत निघायचं.

इकडे गावी माझ्या नवऱ्यानं चूल हातात घेतली. आत्याबाईंनी आधीच सांगितलं होतं की त्या आता ओट्यापाशी उभ्या राहणार नाहीत, पण शेजारी बसून चुका काढतील. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता मला त्याचा फोन यायचा. लग्नानंतर फोनवरचं आमचं बोलणं म्हणजे ‘निघालो’ आणि ‘पोचलो’. आता तो विचारायचा, डाळीला तिखट किती.

मी म्हणायचे, अंदाजानं.

“अंदाज म्हंजी कसा? पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली, असं काहीतरी सांग.”

मग मी डोळे मिटून माझ्या हातानं किती पडतं ते आठवायचे आणि चमच्याच्या हिशेबात सांगायचे. तो ते लिहून घ्यायचा. पुढे मी त्याची ती वही पाहिली. फोडणीला त्यानं ‘पहिली फवारणी’ असं लिहिलं होतं. मागून आत्याबाईंचा आवाज यायचा, “तिला म्हनावं जिरं जाळलं यानं.” हे फोन पाच मिनिटांचे पंधरा मिनिटांवर गेले. डाळ झाली की तो दुकानातलं सांगायचा, मी ऑफिसातलं सांगायचे. हा माणूस नकला करतो हे मला तेव्हा कळलं. आमच्या सरपंचाची त्यानं अशी नक्कल केली की मला हसून ठसका लागला आणि खालून आपांनी ओरडून सांगितलं, आज मिरच्या नाहीत घातल्या.

पहिल्या शनिवारी तो भेटायला आला. मी जिन्यावर पावलं ऐकली, दार उघडंच होतं. तो उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. हातात दुकानाच्या नावाची पिशवी, पिशवीत शेंगा.

“येऊ का?” तो म्हणाला.

मी त्याच्या घरात आले तेव्हा माप ओलांडून आले होते, मला कुणी या म्हणायचा प्रश्नच नव्हता. आणि तो तर कधीच कुठे विचारून आत आला नव्हता. मी म्हटलं, “या ना.” तो आत आला, पण सदरा कुठे अडकवायचा ते त्याला कळेना. हातात सदरा धरून खोलीभर बघत राहिला. मी खुंटी दाखवली. आम्ही दोघंही उगाच लाजलो. एकोणपन्नास आणि चोपन्न वर्षांची दोन माणसं.

रात्री त्यानं गादी उचलून गच्चीवर टाकली. त्याचं कारण गावातही सगळ्यांना माहीत होतं. तो घोरतो. लेक तान्ही असल्यापासून मी तक्रार करत आले होते की याच्या घोरण्यानं मला जाग येते, आणि तेव्हापासून घरी त्याची बाज व्हरांड्यात असते. तो कधी त्यावर वाद घालत नाही. इथेही त्यानं न सांगता गादी बाहेर नेली. समजूतदार माणूस आहे, असं मी मनात म्हटलं आणि झोपले.

दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून तो यायला लागला. आपा त्याला जावयासारखं वागवायच्या. मेकॅनिकभाई आणि तो दोघंही कमी बोलणारे, त्यामुळे त्यांचं फार जमलं. सुटं इंजिन मध्ये ठेवून दोघं तासभर त्याच्याकडे बघत बसायचे. मला जेवायला बोलवायला जिना उतरून जावं लागायचं.

असे अडीच-तीन महिने गेले. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आपा ताटलीत शिरा घेऊन वर आल्या. नेहमी त्या दारातूनच देतात. त्या दिवशी खुर्चीच्या कडेला टेकल्या. पाण्याचं बोलल्या, उन्हाचं बोलल्या, नगरपालिकेचं बोलल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “म्याडम, बुरा मानू नका. भाईसाब शनिवारी येतात ना?”

मी हो म्हटलं.

“मंग मंगळवारी कोन येतं?”

मला वाटलं, दूधवाल्याचं विचारतात. मी म्हटलं, कुणी नाही. आपांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “रोज वरून आवाज येतो. मी म्हनलं पंखा असंल. पन आमचे हे म्हनले, पंखा असा मधी दम घेत न्हाई. मर्दाच्या घोरन्याचा आवाज हाय.”

मी शपथा घेतल्या. गणपतीची घेतली, लेकरांची घेतली. आपा हो हो म्हणत होत्या आणि त्यांना माझं खरं वाटावं अशी त्यांची फार इच्छा आहे हे दिसत होतं. मी उठून कपाट उघडून दाखवलं. माझ्या पलंगाखाली एक ट्रंक होती, तीही ओढून दाखवली. ट्रंकेत माणूस मावत नाही, पण आपांनी सहज म्हणून आत डोकावलं. जाताना त्या म्हणाल्या, मी कुणाला बोलणार नाही. त्या खरंच कुणाला बोलल्या नाहीत.

बोलले ते मेकॅनिकभाई, आणि तेही चांगल्या मनानं. आमच्याकडचा एक गडी गाडी दुरुस्तीला आला होता, त्याला त्यांनी विचारलं की वर राहणाऱ्या बाईंचं सासर कसं आहे, माणसं चांगली आहेत ना. तेवढं पुरलं. तो गडी गावी पोचेपर्यंत त्या प्रश्नाला हातपाय फुटले. गावात पोचलं ते असं, की बाईनं घर सोडलं आहे आणि वरच्या खोलीत कुणीतरी आहे, खुद्द घरमालकच काळजीत आहे.

नवऱ्याच्या कानावर हे दुकानातच आलं. त्या संध्याकाळी त्याचा नेहमीसारखा फोन आला. त्यानं भेंडीचं विचारलं. भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करायचं ते मी सांगितलं. ठेवताना तो म्हणाला, “लोक कायबाय बोलतेत. तू जेव नीट.” मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” तो म्हणाला, “मला वाटतं भेंडी जरा जास्तच चिरली म्या.”

आक्का मंगळवारी आल्या. मुद्दाम मंगळवारी. डोळे दाखवायचे आहेत म्हणाल्या, मुक्काम करणार म्हणाल्या. आल्या आल्या त्यांनी पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, गच्चीच्या टाकीमागे जाऊन आल्या. खुंटीवर नवऱ्याचा एक सदरा लटकत होता, तो नाकाजवळ नेऊन आपल्या भावाचाच आहे याची खात्री केली. मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती की काहीतरी सापडेल. खरं सांगते, इतकी माणसं इतक्या खात्रीनं बोलायला लागली की मलाच संशय यायला लागला होता. आक्कांनी पलंग घेतला, मी खाली सतरंजी टाकली आणि पडल्या पडल्या झोपले.

सकाळी सहाला जाग आली तर पलंग रिकामा. बाहेर आले. वरच्या पायरीवर आक्का आणि आपा शेजारी शेजारी बसून चहा पीत होत्या. दोघी आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होत्या, पण बसल्या होत्या अशा की जणू एकाच खटल्यात साक्षीदार आहेत. आक्कांचे डोळे लाल होते.

“सापडला मानूस,” आक्का म्हणाल्या.

मी विचारलं, “कोण?”

“तूच हायस. सगळी रात बसून काढली म्या. पंचवीस वर्सं माझ्या भावाला व्हरांड्यात झोपिवलंस.”

मी म्हटलं, शक्य नाही. मी घोरत असते तर मला ऐकू आलं नसतं का. यावर आक्कांनी कमरेचा फोन काढला. भजनं रेकॉर्ड करायला त्यांना नातीनं शिकवलं होतं, ते असं कामाला आलं. त्यांनी तो फोन पायरीवर ठेवून लावला. मी माझ्या आयुष्यात स्वतःबद्दल बरंच काही ऐकलं आहे, पण असलं नाही. आधी लांबून ट्रॅक्टर यावा तसं काहीतरी, मग तो चढाला लागावा तसं, मग एकदम बंद. इतका वेळ बंद की आपा घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मग पुन्हा सुरू. आवाज ऐकून मेकॅनिकभाई खालून अर्धा जिना चढून आले, मान तिरकी करून, इंजिनाचं ऐकतात तसं ऐकलं आणि म्हणाले, “हाच.” आणि खाली गेले.

आपांनी माझा हात हातात घेतला आणि माफी मागितली. मग त्यांना हसू आलं. ते दाबायला त्यांनी तोंडात पदर घातला, तो बघून आक्काही हसायला लागल्या. मी एकटीच हसत नव्हते. निर्दोष सुटले होते, पण आनंद होत नव्हता.

मी आत जाऊन लेकीला फोन लावला. म्हटलं, बाई, एक विचारू का, मी घोरते का. ती म्हणाली, “आई, आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. पप्पांनीच सांगू नका म्हटलं होतं.”

ते दोन-तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. ऑफिसात बसल्या बसल्या मला जुनं जुनं आठवत राहिलं. थंडीत त्याची बाज व्हरांड्यात असायची आणि तो कान बांधून झोपायचा. पाहुण्यांसमोर मी हसत हसत सांगायचे, यांच्याशेजारी झोपणं म्हणजे गिरणीत झोपणं. पाहुणे हसायचे आणि तोही हसायचा. वाईट वाटत होतं आणि त्याच्या दुप्पट राग येत होता. एवढं मोठं मन दाखवायचं आणि ते दाखवतोय हेसुद्धा कळू द्यायचं नाही, याला काय म्हणायचं. पंचवीस वर्षं मला कुरकुरी बायको करून ठेवलं आणि स्वतः साधू होऊन वाऱ्यात झोपला. माझ्या बाबतीतली एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत होती, मलाच नव्हती.

शनिवारी तो आला. दारात उभा राहून नेहमीसारखं “येऊ का” म्हणाला. मी नेहमीसारखं “या” म्हटलं नाही. तिथेच विचारलं, “तुम्ही मला सांगितलं का नाही?”

कशाबद्दल, हे त्यानं विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली. “सांगितलं असतं तर तू झोपायची बंद झाली असतीस,” तो म्हणाला. “दिवसभर राबायचीस. तेवढीच तुझी झोप हुती.” मग म्हणाला, “आनि व्हरांड्यात वारं लई छान लागतं.”

मी रडले. रडता रडता भांडले. म्हटलं, माझं भलं माझ्यामागे ठरवायचं नाही, आक्कांनी ठरवायचं नाही आणि तुम्हीही नाही. मला सांगायचं, मग मी रडेन, चिडेन, माझं मी बघेन. तो उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं ऐकत होता. खालून गॅरेजमधली ठोकठोक थांबली होती, म्हणजे तिकडेही ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “बरं. घोरतीस तू. लई घोरतीस. आता आत येऊ का?”

यानंतर आक्कांनी माझी बाजू घेतली आणि त्यानं माझी जास्त पंचाईत झाली. त्या नेकनूरहून नांदूरघाटला मुद्दाम आल्या आणि घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं. संशय एका दिवसात मिटला. पण त्याच्या बदल्यात गावच्या बाया मला भेटल्या की माझ्या नाकाची चौकशी करायला लागल्या. कुणी तुपाचे थेंब घालायला सांगितलं, कुणी उशी बदलायला. डॉक्टरांनी कुशीवर झोपायला सांगितलं. मी झोपते. आपा म्हणतात, फरक आहे, आता दुचाकीएवढाच येतो.

त्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बीडला झालं आणि त्या पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आल्या. मला धास्ती होती. पण त्यांना कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे झोपेचा प्रश्न आला नाही, आणि डोळ्याला पट्टी असल्यानं पहिले काही दिवस माझा पाव त्यांना दिसला नाही. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात बघितलं, काय आहे म्हणून विचारलं आणि अर्धा मागून घेतला. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. आपा आणि त्या गच्चीवर मिरच्या वाळत घालून सावलीत बसायच्या. आपा त्यांना मोहल्ल्यातली भांडणं ओरडून सांगायच्या, त्यामुळे ज्यांची भांडणं होती त्यांनाही ती ऐकू जायची. गावी जायचं नाव काढलं की आत्याबाई म्हणायच्या, “कावून जायाचं? तिथं मला त्याच्या हातचं खावं लागंल.” हे एक दिवस मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. त्याला लागलं. पुढच्या शनिवारी तो स्वतः केलेली डाळ डब्यात घालून साठ किलोमीटर घेऊन आला. आत्याबाईंनी चाखली आणि म्हणाल्या, “मीठ बरोबर हाय.” त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मला पंचवीस वर्षांत मिळालं नव्हतं.

दोन वर्षं झाल्यावर बदलीचे अर्ज निघाले. केजची जागा रिकामी होती आणि माझा नंबर वरचा होता. मी अर्ज भरला तर बदली नक्की होती. आक्कांचा फोन आला, आता ये घरी, झालं तुझं. ऑफिसातल्या बाईंनीही म्हटलं, सुटलीस. मी तो अर्ज घरी आणला, म्हणजे खोलीवर आणला. घर कुठल्याला म्हणायचं हे माझं मलाच आता ठरवावं लागतं. जिथे असेन त्याच्या उलट जागेला मी घर म्हणते, असं आपांचं म्हणणं आहे.

चार दिवस विचार केला. नवऱ्यावाचून मला राहता येतं, हे कळलं होतं. त्याची वाट बघायला आवडतं, हेही कळलं होतं, आणि रोज समोर असलेल्या माणसाची वाट बघता येत नाही. गुडघे किती दिवस जिना चढू देतील माहीत नाही. तोवर मला दार वाजलेलं ऐकायचं होतं. अर्ज भरायचा नाही असं मी ठरवलं.

या खेपेला सही न करण्याचं आधी सांगावं म्हणून मी त्याला फोन केला. तो वांगी चिरत होता. मी सांगितलं की मी निवृत्त होईपर्यंत बीडलाच राहीन म्हणते, तुम्हाला काय वाटतं ते खरं सांगा, वाऱ्याबिऱ्याचं काढू नका. फोडणीचा आवाज येत होता. मग म्हणाला, “खरं सांगू तर मला करमत न्हाई. पन तू ऱ्हा.” आणि जिरं जळतंय म्हणून फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात मी दोन दिवस गावी गेले होते. दुकानावरून जाताना बघितलं, शटरशेजारी नवी पाटी लागली होती, पिवळ्यावर तांबड्या अक्षरात: ‘दुकान शनिवारी बंद राहील.’ शनिवार आमच्या गावचा बाजाराचा दिवस, सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्या दिवशी. एक शेतकरी पाटी वाचून त्याला विचारत होता, मालक, बाजाराच्या दिवशीच बंद, हे काय नवीन? नवरा खताचं पोतं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “बीडला काम असतं.”